लेकराला उत्तर कोणी द्यावे?



सांगली आणि मिरज ह्या दोन शहरांच्या मध्ये विश्रामबाग नावाची वस्ती आहे, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन कॉलेज येथे आहे, १९४७ साली स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालयही येथेच आहे. म्हणून आसपासच्या खेड्यांतील लोक विश्रामबागेकडे विद्येचे ठिकाण ह्या नात्याने पाहत आले आहेत. आपले लेकरू शिकावे, चार लोकांत त्याने बोलावे, ही आशा मनात धरून कित्येक कुटुंबे शेतीवाडी मागे ठेवून येथे भाड्याच्या खोलीत राहावयास आली आहेत. अशाच एका घरी काही महिन्यांपूर्वी आमचे जाणे झाले. तेथे एका आजीबाईंनी आम्हांस जो प्रश्न विचारला, त्यावरून हा लेख लिहावा असे मनात आले.

त्या घरी तीन वर्षांचा नातू आहे. आम्ही जाऊन बसताच त्याच्या बापाने मोठ्या कौतुकाने त्यास पुढे उभे केले. मुलाने इंग्रजी मुळाक्षरे म्हटली, रंगांची इंग्रजी नावे घेतली, वीसपर्यंत आकडे म्हणून दाखविले. आणि तेही तुमच्या-आमच्या तोंडी न येणाऱ्या परदेशी धाटणीने. बाप म्हणाला, "हे सगळे मोबाईलवर पाहून शिकला. आम्ही काहीच शिकवले नाही." आम्हीही कौतुक केले. थोड्या वेळाने मुलास तहान लागली. तो आईपाशी गेला, तिचा हात धरून तिला ओढत माठापाशी घेऊन गेला, आणि तो हात त्याने माठावर ठेविला. "पाणी" हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. आईने पाणी दिले, ते पिऊन तो पुन्हा पडद्यापुढे जाऊन बसला. कोणी काही बोलले नाही. आम्ही निघालो तेव्हा आजीबाई दारापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पाळकसाहेब, ह्या पोराला शहाणं म्हणावं का मुकं? इंग्रजी धडाधडा म्हणतंय, पण मला अजून एकदासुद्धा आजी म्हणून हाक मारली नाही."

त्या वेळी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. परंतु बापाचे ते वाक्य, "आम्ही काहीच शिकवले नाही," वाटभर आमच्या कानांत घुमत राहिले. त्याने ते अभिमानाने म्हटले होते. ते अभिमानाने म्हणण्याजोगे आहे काय, हाच ह्या लेखाचा प्रश्न आहे. हा प्रश्न केवळ वैद्याचा किंवा मास्तरांचा नाही. तो कर्तव्याचा आहे. ज्या लेकरास अद्याप बोलता येत नाही, त्याचे आपण काय देणे लागतो?

प्रथम हे पाहू की, मूल बोलावयास शिकते ते कसे. पुष्कळांची अशी समजूत असते की, मुलाच्या कानावर शब्द पडत गेले म्हणजे घागरीत पाणी साठावे तसे ते आत साठतात, आणि घागर भरली की बाहेर वाहू लागतात. असे असते तर रेडिओजवळ ठेविलेले मूल सर्वांआधी बोलले असते. परंतु पाळण्यातील मुलाकडे घटकाभर लक्ष देऊन पाहावे. ते हुंकारते, आई म्हणते, "काय रे, भूक लागली का?" ते पुन्हा हुंकारते, आई हसते. सहा-सात महिन्यांचे झाले म्हणजे ते "बाबाबा", "मममम" असे बडबडू लागते, आणि घरातील कोणी तरी तोच आवाज काढून त्यास परत देते. नऊ महिन्यांच्या सुमारास ते आपले नाव ऐकून मान वळविते. वर्षाच्या सुमारास ते बोट दाखविते. हे बोट दाखविणे म्हणजे मुलाचे पहिले वाक्यच होय, त्याचा अर्थ असा की, "मी हे पाहिले, तूही पाहा." आता ज्याने ते बोट पाहिले आणि "होय रे बाळा, चिमणी! उडाली बघ चिमणी," असे म्हटले, त्याने मुलास शब्द दिला. शब्द असा दिला-घेतला जातो. बोलणे म्हणजे हाक आणि ओ. केवळ हाकांनी भाषा होत नाही. ओ देणारा कोणी तरी लागतो.

हे आम्ही केवळ आपल्या अनुभवावरून म्हणतो असे नाही. अमेरिकेतील सिएटल शहरी वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल ह्या विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांची बालके त्यांनी घेतली. काही बालकांसमोर चिनी भाषा बोलणारी माणसे प्रत्यक्ष बसली, त्यांनी पुस्तके वाचून दाखविली, खेळणी दाखविली. अशा बारा बैठका झाल्या. तेवढ्यानेच त्या बालकांस चिनी भाषेतील, इंग्रजीत नसलेला ध्वनींचा भेद ओळखता येऊ लागला. दुसऱ्या बालकांस तीच माणसे, तीच पुस्तके, तेच शब्द दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दाखविले. त्यांस काहीएक आले नाही. शब्द तेच, आवाज तोच. एका ठिकाणी माणूस होते आणि दुसऱ्या ठिकाणी त्याची केवळ प्रतिमा होती, एवढाच काय तो फरक.

दुसरा प्रयोग ह्याहून जुना आहे. एडवर्ड ट्रॉनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९७८ साली प्रसिद्ध केला. आईस सांगण्यात आले की, काही वेळ आपल्या तान्ह्या बाळाशी नेहमीप्रमाणे हसून बोलून खेळावे. मग थोडा वेळ त्याच्यासमोरच बसावे, त्याच्याकडे पाहावे, परंतु चेहरा दगडासारखा ठेवावा. बाळ प्रथम बुचकळ्यात पडते. मग ते हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते. आईला परत बोलावून आणण्याचा आपल्या परीने सर्व यत्न करते. उत्तर येत नाही असे दिसले म्हणजे ते तोंड फिरविते आणि आपल्यातच मिटून जाते. वाचकहो, हा प्रयोग वाचताना आम्हांस लाज वाटली. कारण तो दगडासारखा चेहरा आम्ही पाहिलेला आहे. जो बाप मांडीवर मूल घेऊन हातातील मोबाईलकडे टक लावून बसतो, त्याचा चेहरा असाच असतो. केवळ मुलाच्या हाती मोबाईल असला तरच हानी होते असे नव्हे; आपल्या हाती असला तरीही होते.

ह्यावरून आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. मुलाचे आपल्यावर जे ऋण आहे ते उत्तराचे आहे. हे ऋण इतर सर्व ऋणांहून निराळे आहे. सावकार दारात येऊन मागतो, दुकानदार वही दाखवितो, म्हातारे आईबापसुद्धा कधी रागावून, कधी रडून आपले मागणे मागतात. परंतु हे लेकरू एकच असा धनको आहे की, ज्यास आपले देणे मागता येत नाही. कारण ज्या वाणीने मागावयाचे, तीच त्यास आपण द्यावयाची आहे. म्हणून हे देणे बुडविणे फार सोपे आहे. बुडविले तरी कोणी ओरडत नाही, उलट घरात शांतता होते, आणि त्या शांततेस आपण "मूल किती शहाण्यासारखे बसले आहे!" असे म्हणतो.

येथे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे योग्यही आहे, की हे सांगणे सोपे आहे. परंतु जी बाई पहाटे उठून भाकरी थापते, आठ वाजता द्राक्षाच्या बागेत किंवा उसाच्या फडात जाते, सांजवेळी परतून पुन्हा चुलीपुढे बसते, तिने काय करावे? तव्यावर भाकरी असताना मूल चुलीकडे धावते. मोबाईल हाती दिला म्हणजे ते भाजत तरी नाही. अशा बाईस दोष देणारा मनुष्य तिच्या घरी एक दिवस राहून पाहील तर बरे. आम्ही तिला दोष देत नाही. ज्या घटकेस जीव सांभाळावयाचा आहे, त्या घटकेस जीव सांभाळणे हेच कर्तव्य होय.

तथापि दोन गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही. पहिली ही की, मुलाशी बोलण्यास निराळा वेळ लागत नाही. कामातच तो वेळ असतो. आपल्या आज्या जात्यावर दळीत, मांडीवर मूल असे, आणि दळणाबरोबर ओवी चाले. त्या दळण थांबवून शिकवीत नसत. भाकरी थापताना "ही पिठाची, ही तुझी, ही बाबांची" असे म्हणावे. न्हाऊ घालताना हात, पाय, नाक, कान ह्यांची नावे घ्यावी. धुणे वाळत घालताना कपडा कोणाचा ते विचारावे. मुलाने काही आवाज काढला तर क्षणभर थांबावे. त्याची पाळी त्यास द्यावी. मग उत्तर द्यावे. मूल "बू" म्हणाले तर "नीट बोल" असे दरडावू नये, "होय, बूट. बाबांचा बूट," असे म्हणून पुढे जावे. एवढे केले तर दिवसाकाठी शंभर वेळा लेकरास उत्तर मिळते आणि एकही भाकरी करपत नाही.

दुसरी गोष्ट ही की, हे ऋण एकट्या आईच्या नावावर कोणी लिहिले? बाप पारावर बसतो, चुलता ओट्यावर बसतो, आजोबा खाटेवर पडून असतात. आणि मूल बोलेना म्हणजे सर्वजण सुनेकडे बोट दाखवितात. मूल घराचे आहे, तर उत्तरही घराने द्यावे. तीमथ्याच्या विश्वासाविषयी लिहिताना पौलाने त्याच्या आईबरोबर त्याच्या आजीचेही नाव घेतले आहे, हे आपल्या वाचकांस स्मरत असेलच. आजीच्या बोलण्याची योग्यता त्या काळीही लोकांस ठाऊक होती.

दुसरा आक्षेप शिकलेल्या मंडळींकडून येतो. ते म्हणतात, "मोबाईल वाईट आहे असे तुम्ही म्हणता काय? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, शाळा बंद पडल्या, तेव्हा ह्याच मोबाईलने मुलांचा अभ्यास चालू ठेविला." हे खरे आहे, आणि आम्ही ते नाकारीत नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी ह्या लहानशा गावचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर संकेतचिन्हे छापून धडे ऐकण्या-पाहण्याची सोय केली. त्यांच्या कार्यास २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. यंत्र चांगल्या हाती पडले म्हणजे चांगले काम करिते. परंतु त्याच वर्षी जुलै महिन्यात केंद्र सरकारने ऑनलाईन शिक्षणाविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात शाळापूर्व वयाच्या मुलांसाठी दिवसाकाठी अर्ध्या तासाहून अधिक वेळ सुचविला नव्हता, आणि तो वेळही मुख्यतः आईबापांशी बोलून त्यांस मार्ग दाखविण्यासाठी होता. म्हणजे त्या अडचणीच्या काळातही लहान मुलाचे शिक्षक आईबापच, पडदा नव्हे, हे धोरण सुटले नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली असे सांगितले आहे की, एक वर्षाखालील मुलास पडदा मुळीच दाखवू नये; दोन वर्षांपर्यंतही तो न दाखविणे इष्ट; आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको, त्याहून कमी असेल तर अधिक चांगले. आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे म्हणणेही असेच आहे. त्यांनी दोन वर्षांखालील मुलासाठी एक सवलत मात्र ठेविली आहे. ती अशी की, दूर असलेल्या नातलगांशी मोबाईलवर समोरासमोर बोलणे चालेल. ही सवलत कोणत्या विचाराने दिली असावी, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन ते अडीच वर्षांच्या मुलांस नवीन क्रियापदे शिकविण्यात आली. प्रत्यक्ष समोर बसलेल्या माणसाकडून मुले शिकली. मोबाईलसारख्या पडद्यावरून त्याच घटकेस बोलणाऱ्या आणि मुलाच्या बोलण्यास उत्तर देणाऱ्या माणसाकडूनही शिकली. परंतु आधी करून ठेविलेल्या चित्रफितीवरून शिकली नाहीत. तेव्हा दोष काचेचा नाही. मुंबईस कामावर गेलेला बाप रात्री मोबाईलवर लेकीस "आज काय जेवलीस गं?" असे विचारतो आणि तिचे बोबडे उत्तर ऐकून घेतो, तर तो आपले ऋण फेडीत आहे. आणि शेजारच्या खोलीत बसलेला बाप तिच्या हाती चित्रफीत देऊन मोकळा होतो, तर तो ते बुडवीत आहे. अंतर मैलांनी मोजावयाचे नाही. उत्तर येते की नाही, ह्याने मोजावयाचे आहे.

आता इंग्रजीविषयी दोन शब्द. पुष्कळ आईबाप मोबाईल देतात तो इंग्रजीच्या लोभाने. त्यांस वाटते की, आपणांस इंग्रजी येत नाही, म्हणून आपण गप्प राहावे आणि यंत्राने बोलावे. ह्याहून मोठी चूक नाही. मुलास प्रथम शब्दांची गरज नसते. शब्दांनी काही घडते, आपण बोललो म्हणजे कोणी तरी वळून पाहते, हा विश्वास त्यास हवा असतो. हा विश्वास ज्या भाषेत घरच्या माणसांचे मन चालते त्याच भाषेत मिळतो. घरी गावाकडची मराठी असेल तर तीच बोलावी. जत तालुक्यातील ज्या घरी कानडी बोलतात, त्यांनी कानडीच बोलावी. पाया आपल्या भाषेत पक्का झाला म्हणजे त्यावर दुसरी, तिसरी भाषा मूल पुढे सहज चढविते. परंतु रंगांची नावे येतात आणि पाणी मागता येत नाही, ह्यास विद्या कसे म्हणावे? ते घराच्या भिंती उभारण्याआधी कळस रंगविण्यासारखे आहे.

मूल थोडे मोठे झाले, शाळेच्या अभ्यासासाठी मोबाईल द्यावाच लागला, तर तो कसा द्यावा, हेही पाहिले पाहिजे. अनोळखी फेरीवाला दारात आला तर आपण त्यास अंगणात उभा करितो. मुलाच्या अंथरुणापाशी नेऊन बसवीत नाही. मोबाईलमधून तर सारे जगच आत येते. एक चित्रफीत संपली की दुसरी आपोआप सुरू होते. ती आईने निवडलेली नसते, मास्तरांनीही निवडलेली नसते. मुलाचे डोळे अधिक वेळ कशाने खिळून राहतील ह्या हिशेबाने ती यंत्राने निवडलेली असते. म्हणून आमची सूचना अशी आहे: मोबाईल घराच्या मधल्या खोलीत, मोठ्या माणसाच्या शेजारी बसूनच पाहावा, जेवताना आणि अंथरुणात कदापि देऊ नये. काय पाहावयाचे ते आधी ठरवावे, आपोआप पुढे जाण्याची सोय बंद करावी, आणि पाहून झाल्यावर मुलास विचारावे, "मग त्या सशाने काय केले?" म्हणजे पाहिलेल्याचेही बोलणे होते. शक्य असेल तर गोष्ट आधी उतरवून घ्यावी आणि मग इंटरनेट बंद करून दाखवावी. पैशांच्या व्यवहाराचा गुप्त आकडा मुलासमोर दाबू नये. मुलाचे छायाचित्र, शाळेचे नाव, घराचा पत्ता अनोळखी लोकांच्या समूहात पाठवू नये.

आणि ह्या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट ही की, मुलाने पडद्यावर काही घाणेरडे किंवा भयंकर पाहिले आणि ते येऊन सांगितले, तर त्यास मारू नये. ज्या मुलास सांगितल्याबद्दल मार बसतो, ते पुढच्या वेळी सांगत नाही. आणि ज्याचे मूल सांगत नाही त्याच्या घरास कुलूप असून नसल्यासारखे आहे. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे रक्षण करणारा पोक्सो कायदा २०१२ सालचा आहे; अठरा वर्षांखालील मुलांची खासगी माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घ्यावी, अशी तरतूद २०२३ सालच्या कायद्यात केलेली आहे. संकटातील बालकांसाठी १०९८ आणि ऑनलाईन फसवणुकीसाठी १९३० हे दूरध्वनी क्रमांक आहेत. ते प्रत्येक घरी भिंतीवर लिहून ठेवावे. कायदा हे कुंपण आहे. परंतु कुंपण स्वतः राखण करीत नाही. लहानपणापासून ज्यास उत्तर मिळत आले, तेच मूल भय वाटले असता धावत येऊन सांगते. म्हणजे बोलावयास शिकविणे आणि सुरक्षित ठेवणे ही दोन निराळी कामे नाहीत. एकाच कामाची ती दोन टोके आहेत.

आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण येथे सांगतो. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. टाळेबंदीनंतर शाळा उघडल्या तेव्हा शिक्षकांस असे दिसून आले की, मुलांस लिहिण्या-वाचण्याचा कंटाळा येतो, मोबाईल मात्र सुटत नाही. तेव्हा १४ ऑगस्ट २०२२ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येस, गावाने सभेत असा ठराव केला की, रोज सायंकाळी सात वाजता गावातील मंदिरावरचा भोंगा वाजावा. तो वाजताच घरोघरी दूरचित्रवाणी आणि मोबाईल बंद व्हावेत. आणि साडेआठ वाजता पुन्हा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे किंवा एकमेकांशी बोलावे. ही कल्पना प्रथम निघाली तेव्हा पुरुष हसले. स्त्रियांनी मात्र आपण मालिका फार पाहतो हे मोकळेपणी मान्य केले, आणि मग गोष्ट पुढे सरकली. आरंभी अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, सेवानिवृत्त शिक्षक घरोघर फिरून लोकांस सांगत. ही वार्ता परदेशी वृत्तपत्रांपर्यंत जाऊन पोहोचली.

ह्या गावापासून आम्ही तीन गोष्टी शिकलो. एक, मोठ्यांनी आपलाही मोबाईल बंद केला. मुलास उपवास सांगून स्वतः जेवावयास बसले नाहीत. दोन, हे काम एका घराने करणे कठीण असते, कारण शेजारची मालिका भिंतीतून ऐकू येते. साऱ्या गावाने मिळून केले म्हणजे सर्वांस सोपे जाते. तीन, भोंगा शांतता करू शकतो, बोलू शकत नाही. त्या दीड तासात जर बाप नुसता घड्याळाकडे पाहत बसला, तर लेकरास काय मिळाले? भोंग्याने जागा मोकळी होते. ती भरावयाची माणसानेच.

गावाने मिळून लहान मुलांची जबाबदारी घ्यावी, हा विचार आपल्या महाराष्ट्रास नवा नाही. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पाड्यावरील मुले बालवाडीत येत नाहीत असे पाहून त्यांनी बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. अंगण, पाने, खडे, गाणी, गोष्टी, एवढ्या सामग्रीवर ती शाळा चाले. त्या विचारातून आलेले अंगणवाडी हे नाव पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे गावोगाव पोहोचले. आज आपल्या गावी अंगणवाडी आहे. तिला आपण केवळ खाऊ वाटण्याचे ठिकाण समजू नये. सेविकेपाशी बसावे, आपले मूल तेथे बोलते की गप्प राहते ते विचारावे.

आणि मूल खरोखरच मागे पडत असेल तर लाजेने लपवू नये. मूल वर्षाचे झाले तरी बडबडत नाही किंवा बोट दाखवीत नाही. सोळा महिने झाले तरी एकही शब्द नाही. दोन वर्षे झाली तरी "आई ये", "दूध दे" असे दोन शब्द आपणहून जोडीत नाही. नावाने हाक मारली तरी वळत नाही. किंवा आलेले शब्द पुन्हा गेले. ह्यांपैकी काही दिसले तर "त्याचा बाप पण उशिरा बोलला" असे म्हणून वाट पाहू नये. प्रथम कान तपासून घ्यावे, कारण ज्यास ऐकू येत नाही त्यास उत्तर कसे पोहोचणार? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे, सुरू झाला. त्याप्रमाणे वैद्यकीय पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीतील मुलांची तपासणी करावयाची असते, आणि तीत ऐकणे व बोलणे ह्यांचाही समावेश आहे. पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नये. आपल्या मंडळ्यांतील उपदेशक घरोघर जातातच. त्यांनी प्रौढांची खुशाली विचारताना घटकाभर खाली बसून लेकराशीही बोलावे. जे घर लाजेने गप्प आहे त्याचे गाऱ्हाणे पुष्कळदा त्या घटकेतच कळते.

आता त्या आजीबाईंच्या प्रश्नाकडे परत येतो. पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्या घरी गेलो आणि म्हणालो, "आजीबाई, पोर शहाणेही म्हणता येत नाही आणि मुकेही म्हणता येत नाही. त्याने पाठ केले आहे. बोलणे अजून व्हावयाचे आहे. आधी डॉक्टरांस दाखवा." न बोलण्याचे कारण एकटा मोबाईलच असेल असे आम्ही म्हटले नाही, आजही म्हणत नाही, अशा मुलांत निरनिराळी कारणे असतात, आणि ती ओळखणे हे जाणत्यांचे काम आहे. मुलाचे कान तपासले, ते चांगले निघाले. वाचा-उपचार देणाऱ्या बाईंनी आठवड्यातून एकदा येण्यास सांगितले, आणि बाकीचे सहा दिवस घरच्यांनी काय करावे ते शिकविले. मोबाईल कपाटात गेला. पहिले चार दिवस पोराने घर डोक्यावर घेतले. बाप संध्याकाळी त्यास घेऊन रेल्वेचे फाटक पाहावयास जाऊ लागला, आणि गाडी आली की दोघे मिळून ओरडू लागले. "आम्ही काहीच शिकवले नाही," हे वाक्य आम्ही त्याच्या तोंडून पुन्हा ऐकले नाही.

गेल्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा मुलाने आईचा हात धरला, माठाकडे पाहिले, आणि "पानी" असे म्हटले. आई तेथेच खाली बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. आजी असे अजून तो म्हणत नाही. आम्ही आजीबाईंस विचारले, "वाईट वाटते का?" त्या म्हणाल्या, "वाट बघीन की. तोवर मीच त्याला हाका मारत राहते. कधी तरी ओ देईलच."

वाचकहो, आज सायंकाळी आपल्या घरी कोणते लेकरू हाक मारीत असेल, ह्याचा विचार करावा. आणि हातातील काम किंवा हातातील मोबाईल क्षणभर बाजूस ठेवून त्यास ओ द्यावी.